कार्टून म्हणजे बालवाङ्मय नव्हे

घरातील पडद्यावर रंगीत चित्रे हलू लागली की वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. ‘कार्टूनच तर पाहतो आहे’ असे म्हणून आई स्वयंपाकघरात परतते आणि वडील वर्तमानपत्रात डोके घालतात. ही निश्चिंतता एका जुन्या अनुभवावर उभी आहे. टॉम आणि जेरीची पळापळ पाहत एक पिढी वाढली आणि त्यात कोणाचे काही बिघडले नाही. परंतु अॅनिमेशन हे एक माध्यम आहे; तो वयोगट नव्हे. छापील अक्षरांत बालगीतही असते आणि फौजदारी खटल्याचा अहवालही असतो. चित्रांचेही तसेच आहे. हा भेद न उमगल्यामुळे आज अनेक सुशिक्षित घरांत पाहणारा एक आणि त्याच्या पाहण्याविषयीची समजूत दुसरीच, असा प्रकार घडतो आहे.

उदाहरणादाखल ‘हार्ली क्विन’ या अमेरिकन मालिकेचा विचार करता येईल. हे पात्र मुळात बालप्रेक्षकांसाठीच जन्माला आले. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी ते 1992 साली ‘बॅटमॅन : द अॅनिमेटेड सीरिज’साठी निर्माण केले. विदूषकाच्या वेषातील ही जोकरची साथीदार चटकन लोकप्रिय झाली. त्या मालिकेवर मुलांच्या कार्यक्रमांचे निर्बंध होते. मारामारी होती, पण रक्त जवळजवळ दिसत नसे. खलनायक होते, पण त्यांच्या तोंडी शिव्या नसत. नोव्हेंबर 2019 मध्ये हेच पात्र स्वतःच्या नावाची मालिका घेऊन आले, तेव्हा चित्र पार पालटले होते. ही नवी मालिका विनोदी आहे, सुपरहिरोंच्या जगात घडते आणि प्रौढांसाठी आहे. तिच्यात हातपाय तुटतात, रक्ताच्या चिळकांड्या उडतात, वाक्यागणिक अपशब्द येतात आणि शारीरिक संबंधांवरील विनोद आडपडदा न ठेवता केले जातात. अमेरिकेतील दूरचित्रवाणी वर्गीकरणात तिला ‘टीव्ही-एमए’ ही श्रेणी आहे. याचा अर्थ, ती प्रौढांसाठी असून 17 वर्षांखालील मुलांना अयोग्य ठरू शकते. म्हणजे निर्मात्यांनी काहीही लपविलेले नाही. पाटी दारावरच लावली आहे. ती वाचण्याचे कष्ट घरातील मोठ्यांनी घ्यायचे आहेत.

पाटी वाचून दार बंद केले की कर्तव्य संपले, असे मात्र नाही. कारण या मालिकेला एक गाभा आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. नायिका डॉ. हार्लीन क्विन्झेल ही मूळची मनोविकारतज्ज्ञ. ज्या जोकरवर उपचार करायचे त्याच्याच प्रेमात ती पडते आणि आपले शिक्षण, व्यवसाय, ओळख सारे गमावून बसते. तो तिला वापरतो, तुरुंगात सडू देतो, खोटी वचने देतो. आणि तरीही ‘त्याचे माझ्यावर प्रेम आहे’ असे ती स्वतःला बजावत राहते. पहिल्या पर्वाची कथा या भ्रमातून तिच्या बाहेर पडण्याची आहे. एका भागात ती स्वतःच्याच स्मृतींमध्ये शिरते. जोकरनेच आपल्याला आम्लाच्या हौदात ढकलले, असे ती आजवर मानत आलेली असते. प्रत्यक्षात उडी तिने स्वतःच घेतली होती, हे तिला त्या स्मृतीत दिसते. दुसऱ्याने केलेला अन्याय खराच. पण आपण केलेली निवडही आपलीच, हे मान्य करण्याचा तो क्षण आहे. अपमान करणाऱ्या प्रियकराला प्रेम समजून बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हा क्षण शंभर उपदेशांपेक्षा अधिक सांगून जाईल, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मग अडचण कोठे आहे? हा गाभा ज्या वेष्टनात येतो, तेथे. येथे हिंसा हा विनोदाचा विषय आहे. एखाद्याचे डोके उडते आणि त्यावर हशा पिकतो. प्रौढ प्रेक्षक हसतो, कारण सुपरहिरोंच्या गंभीर कथांची ही टर आहे, हे त्याला ठाऊक असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ती टर कळत नाही. त्याला केवळ हसू कळते. उपहास समजण्यासाठी ज्याचा उपहास चालला आहे ती गोष्ट आधी माहीत असावी लागते. ती माहीत नसेल तर उपहासाचा अनुभव होतो आणि क्रौर्याची करमणूक होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आपल्या महाभारतात काय कमी हिंसा आहे? भर सभेतील द्रौपदीची विटंबना आहे, दुःशासनाच्या रक्ताची प्रतिज्ञा आहे, झोपलेल्यांची कत्तल आहे. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तरही महाभारतातच आहे. सौप्तिक पर्वातील कत्तलीनंतर स्त्रीपर्व येते. रणांगणावर पडलेली प्रेते पाहत गांधारी विलाप करते आणि विजेत्यांनाही मान खाली घालावी लागते. रक्ताची किंमत तेथे कोणालाच चुकत नाही. शिवाय हे महाभारत घरात सांगितले कसे जात असे, हेही आठवावे. पाच वर्षांच्या नातवाला आजी बकासुराची गोष्ट सांगे. द्यूतसभेचा प्रसंग तो मोठा झाल्यावर येई. आणि त्यातील धर्माधर्माचा पेच त्याहूनही पुढे, वडिलांशी वाद घालण्याच्या वयात. ग्रंथ एकच, पण ऐकणाऱ्याचा अधिकार पाहून तो उलगडत असे. वर्गीकरणाचे सारे शास्त्र या एका ‘अधिकार’ शब्दात सामावलेले आहे. फरक इतकाच की ते काम तेव्हा आजी करीत असे आणि आज ते पडद्याच्या कोपऱ्यातील एका अक्षरावर सोपविले गेले आहे.

त्या अक्षरामागे भारतात आता नियमांचे बळ आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने डिजिटल माध्यमांसाठी नियम अधिसूचित केले. त्यांनुसार इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखविणाऱ्या मंचांना यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए अशा पाच वर्गांत आपली सामग्री विभागावी लागते. 13+ आणि त्यावरील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे आणि ‘ए’ वर्गासाठी प्रेक्षकाचे वय पडताळण्याची व्यवस्था ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. परंतु कुलपाची सोय निराळी आणि कुलूप लावणे निराळे. संपूर्ण कुटुंब एकाच खात्यावर, एकाच नावाने पाहत असेल, तर नियम कागदावरच राहणार.

निर्माते हे काम करतील, अशी आशा बाळगण्यातही अर्थ नाही. या मालिकेच्या निर्मात्यांनी 2021 साली एका मुलाखतीत एक गोष्ट उघड केली होती. बॅटमॅनचा एक शृंगारिक प्रसंग त्यांनी योजला होता. तो कंपनीने रोखला. नायकांच्या खेळण्यांची विक्री होते, असा प्रसंग दाखविल्यास खेळणे कसे खपणार, हे त्यामागचे कारण होते! मर्यादा पाळली गेली खरी, पण ती मुलाच्या मनाची काळजी म्हणून नव्हे, तर बाजाराची काळजी म्हणून. खलनायिकेची खेळणी त्या हिशेबात नव्हती, म्हणून तिच्या कथेत सारे चालले.

तेव्हा निवाडा काय करावा? सोळा वर्षांखालील मुलांसाठी ही मालिका नाही, हे निःसंदिग्धपणे सांगावे. त्यांना हे पात्र आवडतच असेल, तर 1992 ची जुनी मालिका त्यांच्या हाती द्यावी. तिचे कथाकथन आजही सरस आहे. सोळा-सतराच्या मुलामुलींबाबत सरसकट उत्तर नाही. पालकांनी आधी स्वतः दोन-तीन भाग पाहावेत. हार्ली आणि तिची मैत्रीण पॉयझन आयव्ही यांच्या मैत्रीचे पुढे प्रेमसंबंधात रूपांतर होते; याविषयी घराघरांत मते वेगळी असतील. ती मते मुलांशी शांतपणे बोलता येतील का, याचाही विचार करावा. बोलण्याची तयारी असेल तर सोबत बसून पाहता येईल. नसेल तर थांबणे शहाणपणाचे.

‘मोबाइलवर याहून वाईट पाहतातच की’ हा युक्तिवाद मात्र कोणी करू नये. बाहेर चिखल आहे म्हणून घराचा उंबरठा कोणी काढून टाकीत नाही. तसेच, केवळ ‘पाहायचे नाही’ एवढ्यावर थांबणेही पुरेसे नाही. कारण न सांगता घातलेली बंदी मुलाला मित्राच्या घरी नेऊन बसविते. नकाराचे कारण सांगितले तर मूल कदाचित रुसेल, वादही घालील. पण त्या वादातून त्याच्या मनात स्वतःची एक चाळणी तयार होईल. पालक शेजारी नसताना, पुढे वसतिगृहात वा परगावच्या नोकरीत, तीच त्याच्या उपयोगी पडणार आहे. पडद्यावरील अक्षर वय सांगते. समोरचे मूल त्या वयात पोहोचले आहे की नाही, हे आईवडिलांनीच ओळखायचे असते. आणि त्यासाठी प्रथम त्याच्या शेजारी येऊन बसावे लागते.