वंचित घरांतल्या मुलांच्या शुश्रूषेसाठी परिचारिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. मंत्री, महिला व बालविकास, मा. मंत्री, आदिवासी विकास, मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण.

विषय : नवजात शिशू कक्ष, बालरोग विभाग, पोषण पुनर्वसन केंद्रे व गावपातळीवरील बालशुश्रूषेसाठी पुरेशा, प्रशिक्षित आणि कायम परिचारिका मिळण्याबाबत.

मा. महोदय,

आम्ही शासकीय रुग्णालयांतील नवजात शिशू कक्षांत, बालरोग विभागांत, पोषण पुनर्वसन केंद्रांत आणि उपकेंद्रांत काम करणाऱ्या परिचारिका आहोत. आमच्याकडे येणारी बहुतांश मुले शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टी मजूर, आदिवासी आणि शहरातल्या झोपडवस्त्यांमधल्या कुटुंबांची असतात. खाजगी दवाखान्याचे बिल या आईबापांच्या आवाक्यात नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी आमचा कक्ष हाच पहिला आणि शेवटचा आधार असतो.

गेल्या काही वर्षांत शासनाने खाटा वाढवल्या, वॉर्मर आणले, फोटोथेरपीची यंत्रे बसवली. त्याबद्दल आम्हाला समाधान आहे. पण त्या खाटेजवळ रात्री दोन वाजता कोण उभे असते आणि तिच्यावर किती बाळांचा भार असतो, याचा हिशेब कुठेही ठेवला जात नाही. खाटांप्रमाणेच शुश्रूषेचाही हिशेब ठेवावा आणि तो कायद्याच्या बळावर पाळावा, ही आमची मूळ मागणी आहे. पुढच्या सर्व मागण्या तिच्यातूनच निघतात.

पार्श्वभूमी

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. १९९५ पासून आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न जनहित याचिकांद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे वर्षानुवर्षे आहे. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी जास्त असल्याचे दाखवून दिले. या सगळ्या धडपडीचा उपयोग झाला, हे आम्ही मान्य करतो. नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता. देशाचा २८ होता.

पण त्याच सर्वेक्षणात राज्याचा नवजात मृत्युदर ११ होता. म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक बाळे पहिल्या महिन्यातच जातात. दुसरीकडे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली आढळली. उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी असलेल्या मुलांचे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणात ९.४ टक्के होते, ते १०.९ टक्क्यांवर गेले. रक्तक्षय ६८.९ टक्के मुलांना होता.

आता उरलेले मृत्यू हे कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांचे आणि कुपोषणात आजारी पडणाऱ्या मुलांचे आहेत. अशी मुले एखाद्या इंजेक्शनने बरी होत नाहीत. त्यांना दिवसरात्र, तासातासाला जपावे लागते, आणि तेच आमचे काम आहे.

मागणी पहिली : प्रत्येक पाळीत परिचारिकांचे प्रमाण बंधनकारक करावे

केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशेष नवजात शिशू कक्षात प्रत्येक पाळीत तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकेका परिचारिकेकडे आठ-दहा बाळे असणे ही आमच्यासाठी नित्याची गोष्ट आहे. याचा अर्थ काय होतो, ते एका साध्या कामावरून सांगतो.

दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला साधारण दर दोन तासांनी दूध द्यावे लागते. ओढून पिण्याची ताकद नसते, म्हणून नळीने. आईने काढलेले दूध मोजायचे, नळी पोटातच आहे याची खात्री करायची, सिरिंज वर धरून दूध आपोआप उतरू द्यायचे, पोट फुगत नाही ना ते पाहायचे, नोंद करायची. घाई केली तर दूध उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. नीट करायचे तर एका बाळाला दहा मिनिटे लागतात. दहा बाळे असतील तर दोन तासांतली शंभर मिनिटे निव्वळ दूध पाजण्यात गेली. उरलेल्या वीस मिनिटांत दहा जणांचे तापमान, श्वास, रक्तातली साखर, सलाइनचा वेग, अँटिबायोटिकचे डोस, नवी भरती आणि बाहेर ताटकळलेल्या आईशी दोन शब्द. हात धुण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, आणि या कक्षांत जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात ते मुख्यतः हातांवाटेच.

म्हणून आमची मागणी अशी : (क) नवजात शिशू कक्षात तीन बाळांमागे एक आणि व्हेंटिलेटरवरील प्रत्येक बाळामागे एक परिचारिका, हे प्रमाण शासन निर्णयाने बंधनकारक करावे. (ख) ते मंजूर खाटांवर न मोजता प्रत्यक्ष दाखल बाळांवर मोजावे. कारण बारा खाटांच्या कक्षात वीस बाळे असतात आणि एका वॉर्मरवर दोघांना ठेवावे लागते. (ग) रजा, बाळंतपण व प्रशिक्षण यांसाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे ३० टक्के राखीव पदे भरावीत. (घ) प्रत्येक पाळीत किती बाळे आणि किती परिचारिका, हा आकडा कक्षाच्या दारावर रोज लिहावा. आईबापांना तो दिसला पाहिजे.

मागणी दुसरी : आईला बाळाजवळ जागा द्यावी

कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत, म्हणजे कांगारू मातृसेवा, आपल्याकडे अनेक वर्षे शिकवली जाते. बाळ स्थिर झाल्यावर ती सुरू करायची, असा प्रघात होता. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने कमी होतात असे आढळले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसही केली.

पण आमच्या कक्षांत आईला बसायला धड खुर्ची नसते. सिझेरियन झालेली बाई जिना चढून येते, दूध काढून देते आणि परत जिना उतरून जाते. तिला सुटी मिळाली की तिची खाट जाते, जेवणही बंद होते. मग ती व्हरांड्यात चटई टाकून बाळाच्या सुटीची वाट पाहते. बाळासाठी सर्वांत परिणामकारक उपचार दाराबाहेर बसलेला असतो आणि आम्ही आतल्या यंत्रांवर अवलंबून राहतो.

बाळ दाखल असेपर्यंत आईला कक्षाला लागूनच खाट, दोन वेळचे जेवण व चहा-नाश्ता, न्हाणीघर आणि दूध काढण्यासाठी आडोशाची जागा मिळावी. नवे कक्ष बांधताना आई व बाळ एकत्र राहतील असाच आराखडा मंजूर करावा.

मागणी तिसरी : पोषण पुनर्वसन केंद्रात मुक्काम परवडेल असे करावे

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आलेले, भूक मेलेले, अंगावर सूज असलेले किंवा आजारी मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होते. उपचार साधारण दोन आठवडे चालतात. सुरुवातीचे दिवस नाजूक असतात : ठरलेल्या मापाने, थोडे-थोडे, रात्रीही भरवावे लागते. एकदम जास्त दिले तर मूल दगावू शकते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाच्या तोंडावर जरा कळा येते आणि आई म्हणते, “सिस्टर, घरी धाकटं लेकरू सासूजवळ टाकून आले, आता जाऊ द्या.” आम्ही समजावतो. ती गप्प ऐकते आणि दुसऱ्या दिवशी अंगठा देऊन ‘डामा’ घेते, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सुटी. कागदावर तो तिचा निर्णय ठरतो. प्रत्यक्षात भात लावणीचे दिवस असतात, रोज बुडालेला असतो आणि घरातले दुसरे मूलही तेवढेच अशक्त असते. ती बेफिकीर नाही. तिच्यापुढे दोन मुलांमधून एक निवडण्याची वेळ आलेली असते.

यासाठी : (क) आईची बुडीत मजुरी रोजगार हमीच्या मजुरीदरापेक्षा कमी नसावी आणि ती दर आठवड्याला, मुक्कामातच हातात पडावी. सुटीनंतर महिनोन्‌महिने खात्याकडे डोळे लावून बसावे लागू नये. (ख) सोबतच्या भावंडाला राहण्याची, जेवणाची व तपासणीची सोय असावी. (ग) प्रत्येक केंद्रात चोवीस तास बालशुश्रूषेचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका असावी. आज अनेक ठिकाणी रात्री बालरोग विभागातलीच परिचारिका दोन्हीकडे धावते. (घ) मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली व पावरी, भामरागडला माडिया समजणारी व्यक्ती केंद्रात नेमावी. मुलाला रात्री का उठवून भरवायचे, हे आईला तिच्या भाषेत पटले तरच ती थांबते.

मागणी चौथी : शुश्रूषा रुग्णालयाच्या फाटकाशी थांबू नये

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याच पायावर २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी दिल्या जातात.

पण सव्वा महिना आमच्याकडे राहून दीड किलोचे होऊन घरी गेलेल्या बाळाची काळजी एकट्या आशाताईवर टाकणे तिच्यावरही अन्याय आहे. तिला अडचण आली तर विचारायला कोणी नसते. उपकेंद्रातली परिचारिका लसीकरण, गरोदर माता, ऑनलाइन नोंदी आणि साथींचे सर्वेक्षण यांत बुडालेली असते. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. पण त्या तीन हजारांत दरीपलीकडचे पाडे असतात आणि पावसाळ्यात वाट बंद होते.

आमची मागणी आहे की प्रत्येक तालुक्यात, आणि आदिवासी भागात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ‘समुदाय बालपरिचारिका’ हे नवे कायम पद निर्माण करावे. नवजात शिशू कक्षातून किंवा पोषण पुनर्वसन केंद्रातून सुटलेल्या प्रत्येक मुलाचे नाव सुटीच्या दिवशीच तिच्याकडे जावे. पहिली भेट तिने आठवड्याच्या आत द्यावी, वजन वाढते का ते पाहावे, ग्राम बाल विकास केंद्र व अंगणवाडीशी सांगड घालावी आणि वर्षभर ते मूल डोळ्यांआड होऊ देऊ नये.

मागणी पाचवी : स्थलांतरित मुलांची नोंद त्यांच्यासोबत जावी

बीडहून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी, पालघर-नंदुरबारहून वीटभट्ट्यांवर व गुजरातेत जाणारी मुले सहा-सहा महिने गावच्या यादीतून गायब होतात. जिथे जातात तिथल्या यादीत ती येत नाहीत. कोपीवर, म्हणजे तळावरच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या मुलाचे लसीकरण व वजन जिथे मूल असेल तिथे व्हावे आणि पोषण आहारही तिथेच मिळावा. साखर कारखान्यांच्या तळांवर हंगामभर परिचारिकेची ठरलेल्या दिवशी फेरी व्हावी, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक तीव्र कुपोषित मुलाची माहिती ते जिथे जाणार त्या तालुक्याला कळवण्याची जबाबदारी नेमून द्यावी.

मागणी सहावी : सुरक्षित कक्ष आणि न्याय्य चौकशी

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळे दगावली. सात बाळांना वाचवता आले. नंतरच्या निलंबन व सेवासमाप्तीच्या कारवाईत परिचारिकाही होत्या. हलगर्जीपणा झाला तर जबाबदारी निश्चित व्हावी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण विजेचा भार, जुनी वायरिंग, धूरसूचक यंत्रणा आणि मनुष्यबळ या गोष्टी परिचारिकेच्या हातात नसतात. प्रत्येक नवजात शिशू कक्षाची अग्नी व विद्युत तपासणी दर सहा महिन्यांनी होऊन अहवाल जाहीर करावा. कोणत्याही चौकशीत त्या पाळीतले परिचारिकांचे प्रमाण आधी नोंदवावे. बालमृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला बोलवावे आणि निष्कर्ष तिला कळवावेत.

मागणी सातवी : अनुभव टिकवावा

नवजात शिशू कक्षासाठी चार दिवसांचे वर्ग आणि दोन आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले जाते. हात बसायला त्यानंतर महिने लागतात. मग परिचारिकेची बदली नेत्र विभागात होते, किंवा अकरा महिन्यांची कंत्राटी नेमणूक संपते. प्रशिक्षित परिचारिकेला किमान तीन वर्षे त्याच कक्षात ठेवावे. नवजात व बालशुश्रूषेच्या पदविकेसाठी पगारी अध्ययन रजा आणि पुढे वेतनवाढ द्यावी. समान कामाला समान वेतन देऊन कंत्राटी परिचारिकांना टप्प्याटप्प्याने कायम करावे. आदिवासी तालुक्यांतील मुलींना परिचर्या अभ्यासक्रमासाठी विद्यावेतन व त्यांच्याच भागात नेमणुकीची हमी द्यावी.

आमच्याकडून

या मागण्या मान्य झाल्यास पाळीनिहाय नोंदी अचूक ठेवणे, हातांच्या स्वच्छतेची परस्पर तपासणी करणे, प्रत्येक कमी वजनाच्या बाळाची कांगारू सेवा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करणे आणि नव्या सहकाऱ्यांना शिकवणे ही कामे आम्ही अंगावर घेऊ. त्याचे मोजमाप शासनाने करावे.

कार्यवाहीची मुदत

पाळीनिहाय आकडे दारावर लावण्यास पैसा लागत नाही. तो आदेश पंधरा दिवसांत निघू शकतो. आईचे जेवण व बुडीत मजुरी यांचा निर्णय दोन महिन्यांत व्हावा. रिक्त पदांची भरती सहा महिन्यांत सुरू व्हावी आणि तिची सुरुवात धारणी, चिखलदरा, धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, जव्हार, भामरागड आणि एटापल्ली या तालुक्यांपासून व्हावी. समुदाय बालपरिचारिकेच्या पदासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी.

आपण तीस दिवसांत संघटनेच्या शिष्टमंडळाला चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती. तसे न झाल्यास आम्ही काळ्या फिती लावून काम करू आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयाबाहेर त्या दिवशीचा बाळांचा व परिचारिकांचा आकडा लोकांसमोर मांडू. नवजात शिशू कक्षातील काम मात्र एक पाळीही बंद राहणार नाही.

आपल्या विश्वासू,
परिचारिका संघटनेची राज्य कार्यकारिणी व सर्व जिल्हा शाखा