मस्टरवर नसलेली मावशी

गिरणीकामगार बंधूंनो, अर्थशास्त्राच्या पोथ्या सांगतात, मुंबईचे कापड भांडवलातून नि मजुरीतून निघाले. मग मजुराला जेवू कुणी घातले?

कोकणातून, घाटावरून आलेला गडी गावकीच्या खोलीत वळकटी टाकी. पाळी बदलली की त्याच जागेवर दुसरा झोपे. पगार महिन्याचा, भूक मात्र रोजची! मधला खड्डा लालबाग-परळच्या खानावळवालीने भरला. उधारीवर भाकरी-कालवण वाढायचे म्हणून तिने स्वतःचा दागिना सावकाराकडे टाकला. म्हणजे मालकाच्या धंद्याला बिनव्याजी भांडवल पुरवले कुणी? तिनेच की! व्याज तेवढे तिच्या डोक्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे सावकाराचा फास सैल झाला.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले. पगार थांबला, पण कितीक चुली थांबल्या नाहीत. पुढे गडी गावी गेले. वहीतली बाकी तशीच राहिली.

आज घरासाठी गिरणीतल्या नोकरीचा पुरावा मागतात. तो तिने कुठून आणावा? तिचे नाव मस्टरवर कधी चढलेच नाही! आपण घर मागतो ते रास्तच. पण मागणीपत्रात तिच्यासाठी एक ओळ घालायला आपल्याला कुणी अडवले आहे? पुढच्या सभेत हा ठराव मांडा. आणि ज्यांची जुनी बाकी असेल त्यांनी, मावशी हयात असेल तर, आधी तिचे दार गाठा.