विकत घेतलेले सामर्थ्य कुलपात का?

संगणक खरेदी करणारा ग्राहक ज्या प्रोसेसरचे पुरेपूर मूल्य मोजतो, त्या प्रोसेसरमध्ये एकाच यंत्राच्या पोटी दुसरे स्वतंत्र यंत्र चालविण्याचे सामर्थ्य आता बहुधा जन्मजात असते; आणि तरीही ते सामर्थ्य बंद ठेवून, व ते बंद आहे याचा एका अक्षरानेही खुलासा न करता, यंत्र त्याच्या हवाली करण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणी अद्याप चालू आहे. ही वहिवाट अन्याय्य आहे आणि ती मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन या नावाने ओळखली जाणारी ही सोय एका भक्कम वाड्यात अनेक बिऱ्हाडांनी परस्परांच्या दारात न डोकावता नांदावे तशी आहे: विंडोजच्या शेजारी लिनक्स, आणि त्यांच्याही शेजारी एखादी जुनी प्रणाली, एकमेकींना उपसर्ग न देता चालू शकते. आयबीएमने आपल्या प्रचंड संगणकांवर हे कार्य 1972 साली व्हीएम/370 या प्रणालीने ग्राहकांच्या हाती दिले होते. परंतु घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांची घडण अशी होती, की काही आज्ञा अधिकार नसताना दिल्या तर त्या नामंजूर होण्याऐवजी निमूटपणे निराळेच वर्तन करीत, आणि म्हणून व्हीएमवेअर या कंपनीला 1999 साली त्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची बिकट तजवीज करावी लागली. इंटेलने नोव्हेंबर 2005 मध्ये आणि एएमडीने पुढील वर्षी या व्यवस्थेसाठी प्रोसेसरमध्येच स्वतंत्र अधिकारकक्षा निर्माण केली, तेव्हा ही अडचण मुळापासून दूर झाली.

मात्र ती कक्षा खुली करण्याचा अखत्यार यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमकडे राहिला. इंटेलच्या प्रोसेसरांत तर यंत्र सुरू होताच बायोस आपला होकार वा नकार नोंदवून त्या नोंदीवर जणू मोहोर करतो, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत विंडोजला किंवा लिनक्सला त्या हुकुमात फेरफार करता येत नाही. या बंदोबस्तामागे काहीच कारण नव्हते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2006 साली योआना रुतकोव्स्का या पोलिश संशोधिकेने ‘ब्लू पिल’चे प्रात्यक्षिक दाखवून, चालू असलेली संपूर्ण प्रणाली तिच्या नकळत दुसऱ्याच्या अंमलाखाली नेता येते, हे जगापुढे मांडले होते, तेव्हा सावधगिरी म्हणून दार लावून घेणे समजण्याजोगे होते. परंतु आज विंडोज 11 आपल्या स्मृतीचे घातक प्रोग्रॅमांपासून रक्षण करण्याकरिता याच सोयीचा आधार घेते. ज्या सुरक्षिततेच्या नावाने दार लावले, तीच सुरक्षितता आता ते उघडे मागत आहे, आणि म्हणून तो जुना युक्तिवाद निकालात निघाला असे मी समजतो.

याची झळ सर्वांत अधिक लागते ती विद्यार्थ्याला. कर्ज काढून घेतलेल्या लॅपटॉपवर अँड्रॉइडचा एम्युलेटर रखडतो, डॉकर सुरूच होत नाही, आणि पडद्यावरील त्रोटक इंग्रजी सूचनेवरून त्या बिचाऱ्याचा ग्रह होतो की आपले यंत्रच हलक्या प्रतीचे आहे. वस्तुतः चौकशीला दोन मिनिटे पुरतात. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’मधील ‘सीपीयू’वर जावे आणि तेथे व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘एनेबल्ड’ लिहिले आहे की ‘डिसेबल्ड’, हे पाहावे. बंद असल्यास यंत्र सुरू होताना एफ2, डिलीट किंवा निर्मात्याने नेमलेले बटण दाबून बायोसमध्ये शिरावे. इंटेलच्या यंत्रांत ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एसव्हीएम’ या नावाने ही कळ असते, आणि पुष्कळदा ती ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या सदरात आडबाजूला दडवलेली असते. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचे संरक्षण आहे त्यांनी त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी, कारण बायोसमधील बदलानंतर विंडोज ती मागण्याचा संभव असतो.

काही यंत्रांच्या बायोसमध्ये ही कळ मुळी दाखविलेलीच नसते. तेथे मालकाचा सर्वस्वी नाइलाज होतो. निर्मात्याने बायोसची सुधारित आवृत्ती द्यावी तरच मार्ग निघतो, आणि प्रोसेसरमध्ये हजर असलेल्या गुणाचा मोबदला घेऊन त्याचा उपभोग नाकारणे हे माझ्या दृष्टीने सदोष माल विकण्याहून वेगळे नाही.

म्हणून विक्रेत्यांना आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळाप्रमुखांना माझी आग्रहाची विनंती आहे, की यंत्र ताब्यात देण्यापूर्वी ही सोय तपासून खुली करावी आणि तशी नोंद पावतीवर करावी. आणि ग्राहकाने ती नोंद पाहिल्याखेरीज पावतीवर सही करू नये.