वासावर जाऊ नका!

मंडळी, गेल्या महिन्यापासून मी लेकीकडे, न्यू जर्सीला आहे. परवा नातवाने घरामागच्या झाडीतून ओकची एक वाळकी फांदी ओढत आणली. त्याच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे. नाव ऐकून घाबरू नका. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला हा दाढीवाला सरडा, आपल्या कुंपणावरच्या सरड्याचाच भाऊबंद. काचेच्या पेटीत दिव्याखाली शेकत बसायला त्याला फांदी हवी होती.

मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि सल्ले सुरू झाले. "रात्रभर फिनेलमध्ये बुडव" (इति आमच्या वन्सं). "डेटॉल लाव." आणि धाकट्या भावजींचं, "निसर्गातली वस्तू, ती काय धुवायची?"

आता तिघांशीही भांडते :-)

वन्सं, राग मानू नका, पण वास म्हणजे स्वच्छता हे आपल्या पिढीच्या नाकात बसलेलं खूळ आहे. आमच्या शाळेत इन्स्पेक्शनच्या दिवशी फिनेलचा घमघमाट असायचा आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीत तळाशी बोटभर गाळ! फिनेल, डेटॉल ही फिनॉलच्या कुळातली किंवा पाइनच्या तेलाची औषधं. ती सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात. फरशी पुसून कोरडी होते, लाकूड मात्र ते पिऊन घेतं. वर दिव्याची ऊब, म्हणजे तो बिचारा दिवसभर तेच हुंगणार. पाइन आणि देवदाराचं लाकूडही याच उग्र तेलांमुळे पेटीत घालत नाहीत.

आणि भावजी, निसर्गातल्या वस्तूत किडे, माइट, बुरशी हेही निसर्गातलेच असतात.

मग करायचं काय? सैल साल काढा, ब्रशने खसखसून घासा. माती राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं. भांड्यात मावेल ते लाकूड अर्धा तास सरळ उकळा, यासारखा उपाय नाही. आमची फांदी कुठल्याच पातेल्यात मावेना. तेव्हा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मग साध्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत, वास पूर्ण जाईपर्यंत. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाचं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. काही जण ओव्हनमध्ये भाजतात, पण लाकूड आतपर्यंत तापायला फार वेळ घेतं आणि लक्ष नसलं तर पेटतंही. शेवटी कडकडीत वाळवणं. ओलसर फांदी पेटीत गेली की बुरशी आलीच.

पण माझं खरं भांडण पुढेच आहे. एवढं सगळं लेकीने केलं कुठे, तर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये! शेजारी धाकटीची दुधाची बाटली. धाकटी दोन वर्षांची. मी बोलले तर म्हणे, "आई, ब्लीच घातलंय ना!"

अगं, साल्मोनेला रानातल्या फांदीपेक्षा त्या सरड्याच्या पोटात शोध! धडधाकट दिसणारा सरडाही विष्ठेतून ते जंतू टाकत असतो. धुतलेली फांदी दुसऱ्याच दिवशी त्याने माखलेली. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली, ती मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे. इथलं रोगनियंत्रण केंद्र आजही सांगतं की पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती सरपटणारे प्राणी देऊ नयेत. म्हणजे फांदी पहिल्यांदा आणल्यावर केलेला सोहळा एकीकडे आणि रोजचं काम दुसरीकडे. घाण दिसली की उचलायची, फांदी ठरावीक दिवसांनी पुन्हा घासायची, साबणाने हात धुवायचे. आणि हे सगळं स्वयंपाकघराबाहेर! मी सासूबाईंचं सोवळं आयुष्यभर नाकारलं, पण हे सोवळं मी पाळणार.

लेक दोन दिवस धुसफुसली. जावयांनी मात्र गुपचूप एक लाल बादली आणली. तिच्यावर नातवाने "फक्त ड्रॅगनसाठी" असं मराठीत लिहिलंय ('ड्र' दोनदा चुकला, मी दुरुस्त केला). बादली गॅरेजमध्ये असते. सरडा धाकटीच्या खोलीजवळून वरच्या मजल्यावर हलवला.

फांदी अंगणात आज चौथ्या दिवशीही वाळते आहे. हात लावला तर खालची बाजू अजून गारच लागते. नातू रोज विचारतो, "आजी, आज?" मी म्हणते, "उद्या बघू."

वन्संचं अजून उत्तर नाही.