रुजला नाही की उपटला?

"महाराष्ट्रात फुटबॉल कधी रुजलाच नाही हो, आपली माती क्रिकेटची!" आमच्या कट्ट्यावर दर आठवड्याला कुणी ना कुणी हे वाक्य टाकतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. मंडळी, मला हे साफ नामंजूर आहे.

रोव्हर्स कप मुंबईत १८९१ साली सुरू झाला. शिमल्याच्या ड्युरँडनंतर अवघ्या तीन वर्षांनी! सुरुवातीला सगळी मक्तेदारी गोऱ्या पलटणींची. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोचलं, पण हरलं. ती मक्तेदारी मोडली १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सनी. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी कप नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम (हे पेशाने शिक्षक होते, म्हणून मला जरा जास्तच जवळचे). १९५१ आणि १९६२ ची एशियाडची सुवर्णपदकं भारताने त्यांच्याच हाताखाली मिळवली. एवढी परंपरा असलेली स्पर्धा २०००-०१ नंतर बंद पडली, आणि कुणाला सुतकही आलं नाही.

आता आपल्या पुण्याचं. २००७ मध्ये पुणे एफसी निघाला. सहाव्या मोसमात, २०१२-१३ ला, आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा! २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. तोवर आयएसएलचा एफसी पुणे सिटी आला होता. २०१७-१८ ला उपांत्य फेरी गाठली आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. तिथे २०२१-२२ चं विजेतेपद मिळालं आणि २०२५ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला हललं. बालेवाडीला घसा कोरडा करणाऱ्या पोरांनी आता कुणासाठी ओरडायचं?

तुम्ही म्हणाल, मालकाने तोटा किती सोसावा? रास्त प्रश्न आहे. पण मुळात स्पर्धेची रचनाच अशी केली की वरच्या वर्गात जागा विकत घ्यायची. आय-लीग जिंकणाऱ्याला आयएसएलचं दार उघडलं ते थेट २०२२-२३ च्या मोसमापासून. नापास तर तेव्हाही कुणी होत नव्हतं. चाळीसेक वर्षं वर्गावर घालवलेला माणूस सांगतो, ज्या शाळेत पहिला येऊन वर्ग बदलत नाही आणि शेवटचा येऊनही बदलत नाही, तिथे पोरं अभ्यास करत नाहीत.

आणि हेच लोक कोल्हापूरला गेले की गप्प का होतात? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम सामना असला की जाऊन बघा. तालमीच्या नावाने फुटबॉल संघ! कुस्तीच्या गावात पेठापेठांनी हा खेळ आपला करून टाकला. तिथे संघ विकून दुसऱ्या शहरात नेता येईल का? पेठ कशी उचलून न्याल? २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

असो. पुण्यातही तालमी आहेत, पेठा आहेत, आणि गणपतीत रात्रंदिवस राबणारी मंडळं तर गल्लोगल्ली. त्यांनी दहा दिवसांच्या ढोलांतला थोडा पैसा बाजूला काढून पेठांची लीग सुरू करावी. मैदानं बिल्डरांच्या घशात गेली म्हणाल, तर त्यावर पुढच्या लेखात भांडू.