मोटारीला विनंती, सायकलस्वाराला हुकूम!

सायकल मार्ग झाला की फीत कापली जाते, नेते हेल्मेट घालून शंभर पावले सायकल चालवतात, दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. पण हाच मार्ग जेथे मोटारींचा रस्ता ओलांडतो, तेथे काय असते? पुण्यात २००६ नंतर बीआरटीच्या जोडीने सातारा रस्ता व सोलापूर रस्त्यावर सायकल मार्ग आले. चौक आला की मार्ग संपतो, चौक ओलांडला की पुन्हा सुरू होतो. मधल्या तुकड्यात सायकलस्वाराने आपले आपण पाहावे, असा एकूण कारभार. मोटार आणि सायकल आडवी येतात ती नेमकी याच तुकड्यात!

यावर ठरलेले उत्तर येते, "फलक लावू." कोणता फलक, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि सगळी मेख तेथेच आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत रस्त्यावरील चिन्हांचे तीन भाग आहेत : आदेशात्मक, सावधगिरीची आणि माहितीची. कलम ११९ चालकावर बंधन घालते ते आदेशात्मक चिन्ह पाळण्याचे. आता पाहा, 'सायकलींना मनाई' हे लाल वर्तुळाचे चिन्ह पहिल्या भागात आहे, म्हणजे तो हुकूम झाला. उलट 'पुढे सायकली रस्ता ओलांडतात' हे लाल कडेचे त्रिकोणी चिन्ह दुसऱ्या भागात आहे. ती केवळ सूचना. त्रिकोण पाहूनही चालक तसाच पुढे गेला, तर चिन्ह मोडले म्हणून त्याच्यावर कलम ११९ लागत नाही. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली आहे, हे मान्य. पण तो सिद्ध करावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्याची आठवण रक्त सांडल्यावरच होते.

पादचाऱ्याची स्थिती थोडी बरी होती. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यावर पहिला हक्क पादचाऱ्याचा, असे १९८९ च्या रस्ते नियमांनी सांगितले होते. (तो हक्क किती मोटारींनी मानला, हा भाग वेगळा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते.) सायकलस्वाराला त्या ओळीत तेवढीही जागा नव्हती.

याचा हिशेब नुकसानभरपाईच्या दाव्यात चुकता होतो. कलम १६६ खाली दावा दाखल झाला की विमा कंपनीचा वकील हमखास 'अंशदायी निष्काळजीपणा' पुढे करतो. सायकलवाला मध्येच आला, तेथे ओलांडण्याची जागा आखलेलीच नव्हती, असा बचाव. न्यायाधिकरणाने तो मान्य केला तर भरपाईतून तेवढा टक्का वजा होतो. म्हणजे पट्टे मारायचे विसरले प्रशासन आणि वजावट सोसायची सायकलस्वाराच्या विधवेने! सकाळी दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रात्रपाळीचे वॉचमन, साइटवर जाणारे बिगारी हे हौसेने सायकल चालवत नाहीत. कमावते माणूस गेल्यावर त्यांच्या घरात त्या टक्क्याची किंमत किती असते, हे वेगळे सांगायला नको.

प्रशासनाला कायद्याने अगदीच मोकळे सोडलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. केंद्राने ठरवलेले सुरक्षेचे मानक न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर रस्त्याची जबाबदारी असलेले प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हा दंड मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो, थेट त्या घरात जात नाही. आणि कोट्यवधींच्या कामात एक लाख म्हणजे ठेकेदाराचा चहापाण्याचा खर्च.

उपाय काही आभाळातून आणायचा नाही. 'थांबा' हा अष्टकोन आणि 'मार्ग द्या' हा उलटा त्रिकोण ही दोन्ही चिन्हे आदेशात्मक भागातच आहेत. सायकल मार्ग जेथे रस्ता कापतो तेथे मोटारीच्या तोंडासमोर ती लावा, सायकलच्या तोंडासमोर नव्हे. नेदरलँडमध्ये अशा ओलांडणीवर मोटारीच्या बाजूला पांढऱ्या त्रिकोणांची ओळ रंगवतात, थांबायचे कोणी हे तेथे विचारावे लागत नाही. सायकलपट्ट्याचे लाल डांबर चौकातूनही सलग नेतात. जोडीला ओलांडणीची जागा थोडी उंच केली की मोटारीचा वेग आपोआप पडतो. चिन्ह न वाचणारालाही उंचवटा कळतो.

संधीही आहे. कलम १३८(१-अ) ने यंत्राविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. २०१९ पासून तो कागदावर होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हे नियम करा, असे राज्यांना बजावले. महाराष्ट्राच्या नियमांत एक ओळ असलीच पाहिजे : सायकल मार्गाच्या ओलांडणीवर पहिला हक्क सायकलस्वाराचा. ती ओळ नसेल तर बाकीचे नियम सायकलींना कोठे मनाई आहे, एवढेच सांगत बसतील.

तोवर आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज महापालिकेच्या पथ विभागाकडे करा. प्रभागात सायकल मार्ग किती ठिकाणी रस्ता ओलांडतो, त्यांतील कोणत्या ठिकाणी आदेशात्मक चिन्ह आहे, कोणत्या ठिकाणी फक्त त्रिकोण आहे, आणि पट्टे शेवटचे कोणत्या तारखेला रंगवले, एवढेच विचारा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. ते उत्तर जपून ठेवा. उद्या दावा उभा राहिला तर विमा कंपनीच्या वकिलापुढे ठेवायला तोच कागद लागेल.