चौकट कोणत्या धातूची?

व्यापारी इमारतीच्या दारांना चौकटी पोलादाच्या असाव्यात की ॲल्युमिनियमच्या, हा प्रश्न वरकरणी कंत्राटदाराचा. शिक्षकाला वा कारकुनाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु अशी इमारत म्हणजे आता केवळ पेढ्या आणि दुकाने नव्हेत. तिच्या वरच्या मजल्यांवर बँका, दवाखाने, अभ्यासिका आणि शिकवणीवर्ग असतात. सुरतेतील तक्षशिला आर्केड या अशाच इमारतीत २४ मे २०१९ रोजी आग लागली आणि शिकवणीवर्गातील २२ विद्यार्थी प्राणास मुकले. तेथे दोष चौकटीचा होता असे नव्हे; पण अशा वेळी सुटकेची वाट जिन्याचीच असते आणि जिन्यात धूर शिरू न देणे हे दाराचे काम आहे.

ॲल्युमिनियमची बाजू लंगडी मुळीच नाही. तेवढ्याच आकारमानाच्या पोलादाच्या मानाने त्याचे वजन सुमारे एकतृतीयांश. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर जमतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. मुंबई, रत्नागिरी वा पणजीच्या खाऱ्या, दमट हवेत ही मोठीच सोय. पोलादी चौकट तेथे बहुधा पायथ्याशी सडते. रोज फरशी धुतली जाते, पाणी कोपऱ्यात मुरते, रंगाचे पोपडे सुटतात आणि आत गंज धरतो. जस्ताचा मुलामा नसलेली चौकट समुद्रकाठी बसविणे हा शुद्ध अविचार होय. (ओले सिमेंट ॲल्युमिनियमलाही खाते, हे मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत.) तेव्हा दर्शनी काचेच्या दारांना आणि दुकानांच्या पुढील भागाला ॲल्युमिनियम खुशाल वापरावे.

जिन्याच्या दाराची गोष्ट निराळी. आगरोधक दाराची अग्निपरीक्षा भट्टीसमोर अगदी शब्दशः घेतली जाते. या भट्टीचे तापमान अर्ध्या तासात सुमारे ८४० अंश सेल्सिअसवर नेतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते आणि त्याचे बळ तर त्याच्या कितीतरी आधी जाते. पोलादही या उष्णतेत मऊ पडते, वाकते. परंतु ते वितळत नाही, आणि भिंतीत पक्की रोवलेली, आत सिमेंटचा मसाला भरलेली पोलादी चौकट सहसा जागा सोडत नाही. चौकट सुटली तर दार कितीही भक्कम असो, ते निरुपयोगी ठरते. म्हणूनच अशी परीक्षा दार, चौकट आणि बिजागऱ्या यांची एकत्रच घ्यावी लागते.

आपल्याकडची चूक धातूच्या निवडीपूर्वीच होते. निविदेत साऱ्या चौकटी एकाच ओळीत, एकाच दराने मांडल्या जातात. मग प्रवेशद्वार आणि जिना यांत फरक उरत नाही. पुढे नूतनीकरण निघते, जिन्याचे जुने पोलादी दार डोळ्यांना खुपते आणि त्याजागी चकचकीत काचेचे येते. कोणी हरकत घेत नाही, कारण ते दिसावयास छानच असते.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. नळ आणि पंप यांच्याबरोबरच जिन्याच्या प्रत्येक दाराची, त्याच्या चौकटीसह, स्वतंत्र नोंद त्यात सक्तीची करावी, आणि तो कागद कचेरीच्या कपाटात न ठेवता तळमजल्यावरील सूचनाफलकावर लावावा. वर रोज बसणाऱ्या कारकुनाला आणि विद्यार्थ्याला तो वाचता आला पाहिजे.